जे रोज घडतं, त्यावर आधी हात बसवा

आमच्या अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन २०१७ च्या मे महिन्यात गुहागरजवळच्या आमच्या गावच्या घरी झालं. मुंबई, पुणे, इंदूरहून सगळी भावंडं आली होती. फोटोग्राफरला सांगून ठेवू या, असं वहिनी म्हणत होती. मीच म्हटलं, बाहेरचा माणूस कशाला, मी काढते की फोटो. तीन आठवड्यांपूर्वीच मी डीएसएलआर कॅमेरा घेतला होता, सोबत १८-५५ ची किट लेन्स. अंगणातल्या जास्वंदीचे, गच्चीवरच्या मांजराचे फोटो छान आले होते. तेवढ्या भरवशावर मी घरातल्या सर्वांत मोठ्या दिवसाची जबाबदारी घेतली.

आज त्या दिवसाचा अण्णांचा एकही धड फोटो आमच्याकडे नाही. कॅमेऱ्यात दोष नव्हता, मेमरी कार्डातही नव्हता. चुका माझ्या होत्या, आणि नव्यानं कॅमेरा घेतलेल्या कोणाकडूनही होतील अशा होत्या. म्हणून हे लिहिते आहे.

माजघरात काय झालं

औक्षण माजघरात होतं. कोकणातल्या जुन्या घराचं माजघर भर दुपारीही काळोखंच असतं. पितळी परातीत कणकेचे ८१ दिवे लावले होते. आई, आत्या, वहिनी, मग लेकी, सुना, नाती अशा एकेक जणी ओवाळत होत्या. फ्लॅश उडवला तर दिव्यांचा उजेड मरतो हे मला माहीत होतं, म्हणून तो बंद ठेवला. एवढं बरोबर केलं. पण ‘आयएसओ ४०० च्या वर नेऊ नको, फोटोत दाणे येतात’ हे ओळखीच्या एकानं सांगितलेलं डोक्यात पक्कं बसलं होतं. आयएसओ ४०० वर कायम ठेवला, डायल ‘पी’वर लावली, म्हणजे शटर कॅमेराच ठरवणार, आणि लांब उभी राहून झूम करून फोटो काढत राहिले. मागच्या छोट्या पडद्यावर प्रत्येक फोटो सुरेख दिसत होता.

रात्री एक फोटो लॅपटॉपवर मोठा करून पाहिला. परातीची कड स्वच्छ होती. मागच्या खांबावरचा कोरीव वेल पान न् पान मोजता येईल इतका स्पष्ट होता. आईच्या हाताचा मात्र धुरासारखा पट्टा झाला होता. अण्णा तिच्याकडे बघून हसत मान वळवत होते. त्यांच्या चष्म्याच्या जागी दोन चष्मे दिसत होते आणि डोळे कुठेच नव्हते. पुढचा फोटो तसाच. त्याच्या पुढचा तसाच. फोटोची माहिती उघडली, तर शटर स्पीड १/१५ सेकंद.

दुसरी चूक त्याच रात्री झाली. कार्डातले फोटो लॅपटॉपवर उतरवायला लावले आणि पानं वाढायला गेले. मध्येच वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी जुनी होती, तोही बंद पडला. वीज आल्यावर सुरू करून पाहिलं, तर फोल्डर तयार होतं, आत फोटो दिसत होते. मी समजले, काम झालं. दुसऱ्या दिवशी सगळे व्याडेश्वराच्या दर्शनाला गेलो, तिथे कार्ड भरलं. मी ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलं आणि पुढे शंभरेक फोटो काढले.

पुण्याला आल्यावर कळलं, निम्मेच फोटो उतरले होते. सकाळच्या औक्षणाचे हललेले फोटो होते. संध्याकाळी अंगणात सोनेरी उन्हात काढलेले, अण्णा मधे बसलेले, पणतू मांडीवर असलेले फोटो गेले होते. नेमके तेच चांगले आले होते. कार्ड घेऊन एका दुकानात गेले. त्यांनी जमेल तेवढं परत काढून दिलं. त्यातल्या एका फोटोत वर अण्णांची पगडी आणि कपाळ दिसतं, भुवयांच्या खाली सगळा करडा पट्टा आहे.

आठ महिन्यांनी अण्णा गेले. भिंतीवर लावायला फोटो हवा होता. भाच्यानं मोबाइलवर काढलेला एक फोटो व्हॉट्सॲपवर सापडला, १६०० बाय १२०० पिक्सेलचा. मूळ फोटो त्याच्या जुन्या फोनबरोबर गेला होता. स्टुडिओतल्या दादांनी समजावून सांगितलं, “ताई, छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरा. हा फोटो पाच बाय चार इंचांपर्यंत चांगला येईल. १८ बाय १२ ला ५४०० बाय ३६०० लागतात.” आमच्या भिंतीवर अण्णांचा लहान फोटो आहे, त्याचं कारण हे.

हलण्याचे तीन प्रकार ओळखा

यानंतर मी शिकायला बसले. पहिली गोष्ट कळली ती ही, की ‘फोटो हललाय’ हे एकच दुखणं नसतं. ती तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींचं औषध वेगळं.

फोटोतलं सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल, तर तुमचा हात हलला. भांडी, खांब, भिंत स्पष्ट आणि माणूस तेवढा पुसट असेल, तर माणूस हलला आणि शटर हळू पडलं. माणूस आणि त्याच्या शेजारच्या वस्तूही पुसट, पण त्याच्या पुढचं किंवा मागचं काहीतरी अगदी स्पष्ट असेल, तर फोकस चुकला.

माझ्या फोटोंत दुसरा प्रकार होता. लेन्समध्ये हात स्थिर करणारी सोय होती, म्हणून खांबावरचा वेल स्पष्ट आला. पण ती सोय आपल्या हाताचा कंप सावरते. समोरच्या माणसाची हालचाल तिला थांबवता येत नाही. १/१५ सेकंदात ओवाळणारा हात दोन-तीन सेंटिमीटर सहज सरकतो. त्याचाच तो धुराचा पट्टा.

म्हणून नव्या माणसानं तीन आकडे पाठ करावेत. शांत बसलेल्या माणसाला १/६० चालतं. बोलणाऱ्या, ओवाळणाऱ्या, चालणाऱ्या माणसाला १/१२५ किंवा त्याहून जलद हवं. धावणाऱ्या मुलाला १/५०० हवं. हाताचा कंप टाळायचा तर जितक्या एमएमची लेन्स तितक्याव्या भागापेक्षा शटर हळू नको, म्हणजे ५० एमएमला निदान १/५०. आपल्या साध्या डीएसएलआरचा सेन्सर लहान असतो, म्हणून १/८० धरा.

दाणे चालतात

शटर जलद केलं की उजेड कमी मिळतो. तो भरून काढायचे दोन मार्ग असतात.

पहिला मार्ग आयएसओ. आयएसओ दुप्पट केला की तेवढ्याच उजेडात शटर दुप्पट जलद करता येतं. माझं गणित बघा. आयएसओ ४०० ला १/१५ मिळत होतं. ८०० ला १/३०, १६०० ला १/६० आणि ३२०० ला १/१२५ मिळालं असतं. बटण तीनदा दाबायचं काम होतं. फोटोत थोडे दाणे आले असते, आणि अण्णांचे डोळे दिसले असते. दाणे नंतर संगणकावर बरेच कमी करता येतात. हललेला चेहरा कोणीही सरळ करून देऊ शकत नाही.

दुसरा मार्ग ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक. त्याचा आकडा उलटा चालतो: आकडा लहान, भोक मोठं. किट लेन्स झूम करत ५५ वर नेली की भोक एफ ५.६ पर्यंतच उघडतं. १८ वर ते एफ ३.५ उघडतं आणि अडीच पट उजेड आत येतो. मी लांबून झूम करण्याऐवजी चार पावलं पुढे जाऊन उभी राहिले असते, तर एवढा उजेड फुकट मिळाला असता. पुढेमागे पैसे खर्च करायचे असतील तर कॅमेरा बदलण्याआधी एफ १.८ ची ३५ किंवा ५० एमएम लेन्स घ्या. एफ ५.६ च्या मानानं ती सुमारे दहा पट उजेड आत घेते. देवघर, माजघर, लग्नाचा हॉल या आपल्या सगळ्या जागा अंधाऱ्याच असतात.

घरातल्या समारंभासाठी मी आता एकच मांडणी सांगते. डायल ‘एस’वर आणा, कॅननच्या कॅमेऱ्यावर त्यालाच ‘टीव्ही’ लिहिलेलं असतं. शटर १/१२५. आयएसओ ऑटो, त्याची कमाल मर्यादा ६४००. बाकी कॅमेरा सांभाळतो.

तोंड काळं का येतं

दारात किंवा खिडकीपाशी उभ्या माणसाचं तोंड काळं येतं, कारण कॅमेरा समोरच्या सगळ्या उजेडाची सरासरी काढून ती मध्यम करड्याला नेऊन बसवतो. मागे ऊन असेल तर तो ऊन सांभाळतो आणि माणूस काळवंडतो. परातीतल्या ज्योतीही त्याला असंच फसवतात. अधिक-उणेच्या चिन्हाचं बटण असतं, ते अधिक १ वर न्या. त्याहून सोपा उपाय म्हणजे माणसाला फिरवा. खिडकी त्याच्या पाठीशी नको, गालाशी हवी.

फोकससाठी बटण अर्धं दाबायची सवय लावा. सगळे बिंदू चालू ठेवले तर कॅमेरा बहुतेक वेळा सर्वांत जवळची वस्तू पकडतो, म्हणजे परात. एकच बिंदू ठेवा आणि तो डोळ्यावर धरा. आणि दर दहा फोटोंनी एक फोटो पडद्यावर पूर्ण मोठा करून डोळे बघा. मी पहिल्या दहातच हे केलं असतं, तर औक्षणाचे पुढचे फोटो तरी हललेले आले नसते.

मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांनाही हेच लागू आहे. लेन्स सुती कापडानं पुसा, चेहऱ्यावर बोट टेकवा, उजेड कमी-जास्त करायची खूण बोटानं सरकवा. नाइट मोड एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन ते एकत्र करतो. हलत्या माणसांना तो उपयोगाचा नाही. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो लहान होत नाही.

फोटो उतरवताना

समारंभाच्या दिवशी एका मोठ्या कार्डाऐवजी दोन लहान कार्डं न्या. कार्ड भरलं की कॅमेऱ्यातून काढा आणि त्याच्या कडेची छोटी पट्टी ‘लॉक’कडे सरकवा. एसडी कार्डाला ती असते. लॉक असलेलं कार्ड फॉरमॅट होत नाही, त्यावर नवा फोटोही पडत नाही. नखानं सरकवायची एवढीशी पट्टी. ती माहीत असती तर अंगणातले फोटो आज असते.

उतरवून झालं, की कार्डातल्या आणि फोल्डरमधल्या फोटोंचे आकडे जुळवा आणि शेवटचा फोटो उघडून बघा. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम यासाठी पुरेसा आहे: प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, त्यातली एक प्रत घराबाहेर. आपल्यापुरतं म्हणायचं तर एक प्रत लॅपटॉपवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर किंवा भावाच्या घरी. हे होईपर्यंत कार्ड पुसायचं नाही.

चुकून पुसलं गेलंच, तर त्या कार्डावर त्यानंतर एकही फोटो काढू नका. साध्या फॉरमॅटमध्ये बहुधा यादी पुसली जाते, फोटो जागेवरच असतात. नवे फोटो त्यांच्यावर लिहिले गेले की ते कायमचे जातात. कार्ड बाहेर काढून बाजूला ठेवा. ‘फोटोरेक’सारख्या मोफत सॉफ्टवेअरनंही पुष्कळदा ते परत मिळतात. मी व्याडेश्वराच्या आवारात ते शंभर फोटो काढले नसते, तर मलाही मिळाले असते.

सराव कशावर करायचा

लग्न, मुंज, बारसं, साठीशांत हे दिवस एकदाच येतात. त्या दिवशी शिकायचं नसतं. शिकायचं ते जे रोज घडतं त्यावर. देवापाशी लावलेला दिवा, आईची भाजी चिरण्याची लगबग, शाळेतून धावत येणारं पोर, खिडकीशी पेपर वाचणारे वडील. आपल्याला लागणारे सगळे प्रसंग यातच आहेत: अंधार, हलता हात, धावती पावलं, पाठीमागचा उजेड. आज चुकलं तर उद्या संध्याकाळी दिवा पुन्हा लागणारच आहे.

आठवडाभर रोज दहा मिनिटं द्या. एक दिवस एकाच गोष्टीचा. पहिल्या दिवशी फक्त शटर बदला: १/१५, १/६०, १/१२५. तिन्ही फोटो संगणकावर मोठे करून शेजारी शेजारी ठेवा. दुसऱ्या दिवशी फक्त आयएसओ. तिसऱ्या दिवशी झूम न करता पुढे-मागे चालून. मग खिडकी, मग फोकस, मग कार्डातून फोटो उतरवणं. सातव्या दिवशी सगळं एकत्र, आणि तेही अंधाऱ्या खोलीत.

आणि घरात मोठा समारंभ असेल, तुमचा हात अजून बसलेला नसेल, तर व्यावसायिक फोटोग्राफरला सांगा. तुम्ही हवं तर त्याच्या शेजारी उभे राहा.

तुमच्या घरी आज संध्याकाळी दिवा लागेल, तेव्हा कॅमेरा घेऊन तिथे बसा. शटर १/१२५ वर ठेवा आणि दिवा लावणाऱ्या माणसाचे डोळे स्पष्ट येईपर्यंत उठू नका. मग तो फोटो रात्री झोपण्याआधी दोन ठिकाणी ठेवा.