घरचे ध्वनिमुद्रण : एकेका आवाजावर ताबा

घरातल्या संगणकावर गाणे मुद्रित करणे ही आता अप्रूपाची गोष्ट राहिलेली नाही. स्नेहसंमेलन जवळ आले की कुणी भावगीत, कुणी अभंग, तर आपले कन्नड मित्र एखादे वचन मुद्रित करून आणतात. ऐकणाऱ्यांचा अभिप्राय मात्र बहुधा ठरलेला असतो : "पेटी फार मोठी वाटते, गळा मागे पडलाय." त्यावर "आता काही करता येत नाही" असे उत्तर मिळते. हे उत्तर खरे की खोटे, हे गाणे कसे मुद्रित केले यावर अवलंबून आहे. प्रस्तुत लेख तेवढ्याच प्रश्नापुरता आहे.

गायक, पेटी आणि तबला यांच्यामध्ये एकच माईक ठेवला, तर तिघांच्या ध्वनिलहरी हवेतच एकमेकींत मिसळतात. माईकचा पडदा एकच असतो आणि तो त्या सर्वांच्या बेरजेप्रमाणे हलतो. संगणक त्या हालचालीचे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा करून तितके आकडे लिहून ठेवतो. त्या प्रत्येक आकड्यात पेटी किती आणि गळा किती, याची नोंद कोठेच नसते. चहात विरघळलेली साखर चमच्याने परत काढता येत नाही, तसेच हे.

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा तर माईकही नव्हता, भोंगा होता. विजेवरचे मुद्रण १९२५ नंतर आले. तोपर्यंत कोणता आवाज मोठा आणि कोणता लहान, हे कोण भोंग्यापासून किती दूर बसतो यावरच ठरत असे. पुढे अमेरिकेत लेस पॉल या गिटारवादकाने १९५७ साली आठ स्वतंत्र पट्ट्यांचे ध्वनिमुद्रण यंत्र घेतले. प्रत्येक आवाज वेगळ्या पट्टीवर घ्यायचा आणि मिसळण्याचे काम मागाहून सावकाश करायचे, ही त्यामागील कल्पना. या पट्टीलाच ट्रॅक म्हणतात. आज साधा संगणकही असे कितीतरी ट्रॅक सांभाळतो.

यंत्र आहे म्हणून आवाज आपोआप वेगळे होत नाहीत. ते वेगळे घ्यावे लागतात. सर्वांत निर्वेध मार्ग म्हणजे एका वेळी एकानेच वाजवणे. आधी तंबोरा आणि लयीचा ठोका, मग तबला, मग पेटी, शेवटी गळा. प्रत्येकाने आधीचे ट्रॅक हेडफोनवर ऐकायचे, कारण खोलीत स्पीकर लावला की तोच आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो. येथे एक अडचण हमखास येते. संगणक आवाज तुकड्यातुकड्यांनी हाताळतो. तुकडा १०२४ मापांचा ठेवला, तर तेवढ्यानेच सुमारे २३ मिलिसेकंद उशीर होतो आणि जाण्यायेण्यात तो वाढतो. गायकाला स्वतःचा गळा मागून ऐकू येतो व तो गोंधळतो. मुद्रणाच्या वेळी तुकडा १२८ मापांचा करावा, उशीर ३ मिलिसेकंदांच्या आसपास येतो. मिसळण्याच्या वेळी तो पुन्हा मोठा केला तरी चालते.

पण या मार्गाला एक किंमत आहे, आणि आपल्या संगीतात ती लहान नाही. तबलजी गायकाकडे बघून वाजवतो. गायक एखाद्या शब्दावर रेंगाळला तर ठेक्याला ते समजते. आधीच मुद्रित झालेल्या तबल्याला काहीच समजत नाही. भावगीताची चाल बांधीव असते, तेथे हे निभावते. ख्यालाचे मुद्रण असे तुकड्यांनी करणे मला तरी पटत नाही. तेथे सर्वांनी एकत्रच बसावे, प्रत्येकासमोर स्वतंत्र माईक ठेवावा आणि थोडी सरमिसळ पत्करावी.

ती सरमिसळ कमी करणे हातात असते. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. गायकाच्या तोंडापासून माईक १५ सेंटीमीटर आणि पेटी त्याच माईकपासून दीड मीटर असेल, तर दोघे मूळ आवाजाने सारखे असले तरी त्या माईकमध्ये पेटी २० डेसिबलने खाली जाते. खोलीच्या भिंती आवाज परतवतात, म्हणून प्रत्यक्षात फरक याहून कमी पडतो. गाद्या, रजया आणि कपड्यांचे उघडे कपाट येथे फार उपयोगी. टाळ मात्र कोणत्याही गादीला जुमानत नाहीत, ते वेगळे मुद्रित केलेलेच बरे.

ट्रॅक वेगळे हाती आले की मग खरा ताबा सुरू होतो. नवशिका पहिल्यांदा गळ्याचा फेडर वर सरकवतो, नंतर तबला दबला म्हणून तबल्याचा, आणि शेवटी सगळेच फाटते. त्याऐवजी जे अडथळा करते ते खाली आणावे. पेटी आणि गळा एकाच सप्तकात नांदतात, म्हणून ती एकमेकांना झाकतात. शब्दांची स्पष्टता मुख्यतः २,००० ते ४,००० कंपनांच्या पट्ट्यात असते. इक्वलायझरने पेटीचा तेवढाच पट्टा ३ डेसिबल उतरवून पाहा. पेटी लहान झाल्यासारखी वाटत नाही, पण शब्द उघडतात. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सुमारे १३९ कंपनांचा, तर त्याचा मंद्र पंचम १०४ चा. तेव्हा गळ्याच्या ट्रॅकवर ८० च्या खालचे सारे कापले तरी गाण्याचे काही जात नाही, पंख्याची आणि रस्त्याची घरघर तेवढी जाते. विजेची ५० कंपनांची गुणगुणही उतरते, तिचे वरचे स्वर मात्र उरतात.

याहून बारीक ताबा म्हणजे एकेका अक्षरावरचा. ओळीच्या शेवटचे अक्षर श्वास संपल्याने विरले, तर आवाजाची रेघ फक्त तेथेच उचलता येते. कॉम्प्रेसर हेच काम यांत्रिकपणे करतो. मी हातानेच करतो, वेळ लागला तरी. सूर सुधारणारी साधने मात्र जपून वापरावीत. ती स्वराला बारा खुंट्यांपैकी जवळच्या खुंटीला बांधतात, आणि आपली मींड तर दोन खुंट्यांच्या मधूनच जाते.

कीबोर्ड संगणकाला जोडून वाजवला तर गोष्टच वेगळी. १९८३ च्या मिडी पद्धतीत ध्वनी साठवलाच जात नाही. कोणता स्वर, कोणत्या क्षणी, किती जोराने दाबला, एवढेच आकडे साठतात. जोराचा आकडा १ ते १२७. शंभर स्वरांतला एकच जोरात गेला असेल, तर तेवढाच आकडा बदलावा.

मिसळलेले आवाज वेगळे होतच नाहीत, हे विधान आता थोडे सौम्य करावे लागेल. २०२३ मध्ये बीटल्सचे 'नाऊ अँड देन' प्रसिद्ध झाले. जॉन लेनन यांचा गळा आणि पियानो एकाच जुन्या कॅसेटवर होते, ते संगणकाला शिकवून वेगळे केले गेले. अशी साधने आज आपल्यालाही मिळतात. पण पेटीचा अवशेष गळ्यात राहतो, 'स' आणि 'श' खरखरीत होतात. जुना, पुन्हा न मिळणारा आवाज सोडवायला ती जरूर वापरावीत. गाणारा शेजारच्या खोलीतच असेल, तर त्याला पुन्हा बोलावणे सोपे.

तयार मिश्रण शेवटी मोबाईलच्या बारक्या स्पीकरवर एकदा ऐकावे, कारण ऐकणारे तेथेच ऐकणार. त्यात डग्गा नाहीसा झालेला असेल. फेडर उचलून तो येणार नाही, त्या स्पीकरला एवढा खर्ज पेलतच नाही. डग्ग्याचा २०० कंपनांच्या वरचा भाग थोडा वाढवला की ठेका कळू लागतो.