जुना टेंट ट्रेलर : आधी उघडून दाखवा!

एम.एस. करायला अमेरिकेत गेलेली आपली मुलं पहिली दोन वर्षं लायब्ररीत काढतात, मग जुनी कार घेतात आणि नोकरी, लग्न, पोरंबाळं झाली की त्यांना कॅम्पिंगचं वेड लागतं. नॅशनल पार्कजवळची हॉटेलं महाग, आणि जमिनीवर तंबू ठोकून झोपायची हौस एका पावसात फिटते. मग कुणीतरी सांगतं, "अरे, जुना टेंट ट्रेलर बघ ना!" स्वतःसाठी आणि मित्रांसाठी असे बरेच ट्रेलर मी तपासले, त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय. विषय तिकडचा असला तरी थिअरी बहुतेक आपल्याच एस.ई., टी.ई.ची आहे.

आधी वस्तू काय ते बघू. कारमागे ओढायचा, साधारण छातीएवढ्या उंचीचा पेटारा. मुक्कामी पोचल्यावर हँडल फिरवलं की छप्पर चार खांबांवर वर जातं, दोन्ही टोकांना पलंग ड्रॉवरसारखे बाहेर सरकतात, मधल्या भिंती कापडाच्या. आत शेगडी, छोटं सिंक, कधी फ्रिज. हँडलने छप्पर उचलण्याची अशी एक यंत्रणा तयार करणाऱ्या लॉइड बाँट्रेजर यांनी १९६८ साली इंडियाना राज्यातल्या मिडलबरी इथे जेको ही कंपनी काढली.

आता मुद्द्याचं. मिटलेला ट्रेलर नेहमी चांगलाच दिसतो, कारण बिघडण्यासारखं जे जे काही आहे ते सगळं मिटल्यावर आत जातं. मालक म्हणाला, "आत्ता जागा नाही, पण सगळं ओके आहे," तर हसून रामराम करा आणि निघा. पूर्ण उघडून बघा, आणि हँडल स्वतः फिरवा.

हँडल फिरवताना छप्पर चारही कोपऱ्यांत एकसारखं उठतंय का ते पाहा. बहुतेक ट्रेलरमध्ये विंचवर पोलादी दोर गुंडाळला जातो, चेसिसखालच्या पुल्यांवरून त्याचे फाटे चार कोपऱ्यांकडे जातात. एक कोपरा मागे राहिला तर तिथला दोर ताणला गेलाय किंवा पुली अडकलीय. टॉर्च घेऊन खाली वाका. दोरावर तुटलेल्या तारांची कुसळं दिसली तर तो बदलावाच लागणार. निम्म्यावर हात थांबवा. विंचचा ब्रेक धड असेल तर छप्पर जागेवर राहतं, हँडल उलटं फिरत नाही. तोपर्यंत छपराखाली डोकं घालायचं नाही, आणि पोरांना तर जवळही येऊ द्यायचं नाही. दोर तुटला तर ते सगळं वजन खाली येतं.

दुसरा शत्रू पाणी. ट्रेलर ओला मिटला की आत बुरशी धरते. आत शिरल्याबरोबर पहिला श्वास नाकाने घ्या. कोंदट वास आला आणि मालकाने सुगंधी फवारा मारलेला असला तर संशय दुप्पट. कापडावरचे काळे ठिपके, शिवणीतून दिसणारा उजेड, अडकलेल्या चेन बघा. कापडाचा नवा संच बसवायचा खर्च स्वस्तातल्या जुन्या ट्रेलरच्या किमतीएवढाही होऊ शकतो. खरी मेख मात्र लाकडात असते. जमीन आणि पलंगाचे तळ प्लायवुडचे किंवा दाबलेल्या लाकडाचे. कोपऱ्यांत पाय दाबून चाला, कडेला स्क्रू-ड्रायव्हर टोचा. लोण्यात सुरी गेल्यासारखा गेला तर पुढचं काही बघायची गरज नाही. बघायला पावसाचा दिवस मिळाला तर सोन्याहून पिवळं.

थंडी हा त्याचाच भाऊ. मिशिगन, मिनेसोटासारख्या राज्यांत पाइपमध्ये पाणी राहिलं की गोठतं, आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं आणि पाइप फुटतो. टाकी भरायला लावा, पंप चालू करा, गळतंय का बघा.

गॅसला साबणाचा फेस, आपण घरी लावतो तसाच. इंधन प्रोपेन, हवेपेक्षा जड, गळालं तर जमिनीलगत साठतं. म्हणून तिथला डिटेक्टर जमिनीजवळ असतो. त्याच्यावर मुदत छापलेली असते, ती वाचा. फ्रिज असेल तर परीक्षेत दहा मार्कांना येणारा इलेक्ट्रोलक्स आठवा! त्यात कॉम्प्रेसर नाही, अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. ट्रेलरचा फ्रिज बहुधा याच जातीचा, वीज आणि गॅस दोन्हींवर चालणारा. तो थंड व्हायला काही तास घेतो, म्हणून मालकाला आदल्या रात्रीच गॅसवर चालू ठेवायला सांगा. मागच्या नळ्यांवर पिवळट डाग किंवा अमोनियाचा वास आला तर युनिट संपलं.

आता चाकं. ट्रेलर बहुतेक वेळ उन्हात उभा, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूवरच्या डी.ओ.टी. क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा : २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. खाचा खोल असल्या तरी पाच-सहा वर्षांवरचा टायर मी तरी बदलतोच. फक्त आतली कड झिजलेली असेल तर ॲक्सल वाकलाय का ते तपासा.

आणि वजन. गावाकडे बैलगाडी भरताना आजोबा सांगायचे, गाडी उलार होऊ देऊ नका. ट्रेलरचंही तेच. एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या दांडीवर यायला हवा. तो कमी पडला, म्हणजे गुरुत्वमध्य मागे सरकला, की हायवेच्या वेगाला ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो आणि पुढची कारही सोबत नेतो. रिकाम्या ट्रेलरची दांडी लाकडाच्या ठोकळ्यावरून वजनकाट्यावर टेकवून मोजता येते. मागच्या बंपरवर कुणी सायकलींचा स्टँड जोडला असेल तर नक्की मोजा. चेसिसवरच्या पट्टीत कमाल वजन लिहिलेलं असतं, त्याची आपल्या कारच्या ओढण्याच्या मर्यादेशी तुलना करा. त्यात पाणी धरा, सामान धरा, सासूबाईंनी दिलेला कुकरही धरा.

कागदपत्रांत त्याच पट्टीवरचा व्ही.आय.एन. जुळवा आणि ट्रेलरवर कुणाचं कर्ज नाही ना, ते बघा. लहान ट्रेलरच्या मालकीपत्राचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, तेव्हा पैसे देण्याआधी आपल्या राज्याच्या वाहन खात्यात चौकशी करा.

घरी नेताना पहिल्या दहा-पंधरा मैलांवर थांबून दोन्ही हबजवळ हात नेऊन बघा. कोमट असेल तर ठीक. एक कोमट आणि दुसरा हात ठेववत नाही इतका तापलेला असेल तर बेअरिंग गेलंय. तिथेच थांबा आणि टोइंगवाल्याला फोन करा.