वाटाण्याची भूक

वाटाणा हे थंडीचे पीक आहे. अहिल्यानगरजवळच्या केडगावी तो लावावयाचा झाला, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरावा लागेल. मग त्याला खत किती द्यावे? ‘खत जितके अधिक, तितक्या शेंगा अधिक,’ असे तुम्ही म्हणाल. पण वाटाण्याच्या बाबतीत हा हिशेब चुकतो.

फुलोऱ्याच्या सुमारास एखादे रोप मातीसह अलगद उपटून पाहा. त्याच्या मुळांवर बारीक गाठी दिसतील. गाठ नखाने फोडली, तर ती आतून तांबूस असते. या गाठींत सूक्ष्म जीवाणू राहतात. ते हवेतील नत्र रोपाला देतात आणि रोप त्यांना साखर पुरविते. हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये हे नाते उघड केले.

शेतकऱ्याने नत्र भरमसाट घातले, की रोपाला अन्न आयतेच मिळते. मग गाठी थोड्या धरतात, पाला माजतो, वेल लोळू लागतो आणि शेंगा कमी लागतात. पैसाही जातो व पीकही! म्हणून पेरताना नत्र थोडेच द्यावे. गाठी कामास लागेपर्यंतची ती शिदोरीच म्हणा ना! स्फुरदाचे मात्र तसे नाही. मुळे व गाठी वाढण्यास ते हवेच, आणि चुनखडीच्या जमिनीत ते अडकून पडते.

शिवाय सर्व वाणांची भूक सारखी नसते. बुटका ‘अर्केल’ सुमारे दोन महिन्यांत तोडणीस येतो. ‘बॉनव्हिल’ला तीन-चार आठवडे अधिक लागतात. ही भूक मोजण्यासाठी कृषिशास्त्रज्ञ सारखे वाफे आखतात, काहींना खत देत नाहीत, काहींना थोडे, काहींना पुष्कळ देतात, आणि प्रत्येक वाफ्यातील शेंगा वेगळ्या तोलतात. खत वाढवूनही शेंगांचे वजन जेथे वाढत नाही, तेथे त्या वाणाची मात्रा ठरते.