वृक्षनिगेचा ऑनलाइन अभ्यासक्रम : मान्यता नेमकी कोणाची?

प्रश्न : इंग्लंडमध्ये बागकामाची नोकरी करतो. वृक्षनिगेची मान्यताप्राप्त पात्रता ऑनलाइन मिळवायची आहे. ती कशी निवडावी?

उत्तर : जाहिरातीत ‘मान्यताप्राप्त’ कोणीही लिहितो, मान्यता कोणाची, हे आधी विचारावे. इंग्लंडमध्ये ‘ऑफक्वाल’ ही नियामक संस्था मान्य पात्रतांची नोंदवही सर्वांसाठी खुली ठेवते. अभ्यासक्रम तिथे सापडला नाही, तर हाती बहुधा फक्त पूर्ण केल्याचा दाखला येतो. पातळीही तपासावी : दुसरी पायाभूत, तिसरी ए-लेव्हलच्या तोडीची.

झाडाची रचना, माती, बुरशीजन्य रोग, कायदा हे घरबसल्या उत्तम शिकता येते. दोरावर चढून चेनसॉ चालवणे मात्र पडद्यावर मुळीच शिकता येत नाही. त्यासाठी ‘सिटी अँड गिल्ड्स एनपीटीसी’सारख्या प्रमाणपत्रांची परीक्षा परीक्षकासमोर प्रत्यक्ष द्यावी लागते. इथे तडजोड नकोच. जिवाशी गाठ असते.

पुढे देश बदलण्याचा विचार असेल, तर ‘इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर’चे ‘सर्टिफाइड आर्बोरिस्ट’ प्रमाणपत्र अनेक देशांत ओळखले जाते. त्याच्या परीक्षेसाठी 3 वर्षांचा पूर्णवेळ अनुभव किंवा शिक्षण आणि अनुभवाची सांगड लागते. दर 3 वर्षांनी नूतनीकरणही करावे लागते.

शुल्क भरण्यापूर्वी संस्थेकडे पात्रतेचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो स्वतः पडताळून पाहा.