घटक 6 : पाठभेदांची वंशावळ आणि विषाणूंचा माग

6.1 प्रास्ताविक

मागील घटकात हस्तलिखितांची वंशावळ कशी मांडतात, हे आपण पाहिले. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती नकलांमधून शिरलेले अपपाठ दूर करण्यासाठी. संपादकाला अपपाठ नकोसे असतात. वंशावळ मांडणाऱ्याला मात्र तेच मोलाचे वाटतात. दोन प्रतींत एकच शुद्ध पाठ आढळला, तर त्यांचे निकटचे नाते सिद्ध होत नाही, कारण शुद्ध पाठ सर्वांनाच मूळ प्रतीकडून मिळालेला असू शकतो. दोहोंत एकच विलक्षण चूक आढळली, तर मात्र त्या एकाच मधल्या प्रतीवरून उतरल्या असाव्यात, असे मानण्यास आधार मिळतो. भाषाकुलातील उपशाखा ठरवतानाही आपण सामाईक वारशापेक्षा सामाईक नवनिर्मितीला अधिक महत्त्व देतो. प्राण्यांमध्ये डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा माग आज याच तर्काने काढला जातो. तेथे अनुमान चुकले, तर रोगाचे नावच चुकते.

6.2 न्यूयॉर्क, 1999

ऑगस्ट 1999 मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेंदूज्वराचे रुग्ण आढळू लागले. त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांवरून हा सेंट लुइस मेंदूज्वर असल्याचे प्रथम जाहीर झाले. हा रोग अमेरिकेला परिचित होता. परंतु त्याच सुमारास शहरात कावळे मोठ्या संख्येने मरत होते आणि ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील पक्षीही दगावत होते. सेंट लुइसच्या विषाणूने पक्षी सहसा मरत नाहीत. तेथील पशुविकृतिशास्त्रज्ञ ट्रेसी मॅकनमारा यांनी ही विसंगती सोडून दिली नाही. मृत पक्ष्यांचे नमुने तपासले गेले आणि सप्टेंबरमध्ये निदान बदलले. हा वेस्ट नाइल विषाणू होता. 1937 मध्ये युगांडाच्या ज्या प्रदेशात तो प्रथम सापडला, त्याचेच नाव त्याला मिळाले आहे. अमेरिका खंडात तोपर्यंत तो कधीच आढळला नव्हता.

पहिली चूक का झाली, हे आपल्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. हे दोन्ही विषाणू एकाच कुळातले असल्यामुळे एकाविरुद्धचे प्रतिपिंड दुसऱ्यालाही ओळखतात. तत्सम शब्दांचे साम्य पाहून दोन भाषांचे नाते ठरवणाऱ्यासारखीच ही फसगत होती. खरा निर्णय अक्षरशः वाचन केल्यावर झाला.

6.3 अकरा हजार अक्षरांची संहिता

या विषाणूची जनुकीय संहिता आरएनएच्या सुमारे 11,000 घटकांची आहे. हे घटक चारच प्रकारचे असल्यामुळे तिची वर्णमाला चार अक्षरांची म्हणता येईल. विषाणूची नक्कल करणारे विकर हा निष्काळजी लेखनिक आहे; लिहिलेले तो पुन्हा वाचून पाहत नाही. बहुतेक चुका घातक ठरून नष्ट होतात, काही टिकतात. वर्षाला साधारण चार-पाच अक्षरांचा फरक साचतो. पोथीच्या पुष्पिकेत जसा शक दिलेला असतो, तशी नमुन्याबरोबर तो घेतल्याची तारीख नोंदलेली असते. म्हणून दोन शाखा कधी वेगळ्या झाल्या असाव्यात, याचाही अंदाज बांधता येतो.

ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील एका मृत रोहित पक्ष्यातून मिळालेली संहिता इतर देशांतील नमुन्यांशी ताडून पाहिली गेली. सर्वाधिक साम्य 1998 मध्ये इस्राएलमध्ये एका मृत पाळीव हंसात सापडलेल्या विषाणूशी आढळले. ते 99 टक्क्यांहूनही अधिक होते.

पुढे हा विषाणू पश्चिमेकडे पसरत गेला आणि 2003 पर्यंत कॅलिफोर्नियाला पोहोचला. या प्रवासात एक नवा पाठ रूढ झाला. विषाणूच्या बाह्य आवरणातील प्रथिनात 159व्या स्थानी व्हॅलीनच्या जागी ॲलानीन आले. हा पाठ असलेल्या शाखेने काही वर्षांतच न्यूयॉर्कची मूळ शाखा मागे टाकली. ही नवी शाखा क्युलेक्स डासाच्या शरीरात कमी दिवसांत संक्रमणक्षम होते, असे प्रयोगांत दिसले. पोथ्यांच्या जगातही सुलभ पाठ अवघड पाठाला हटवतो. मात्र तेथे निवड वाचणारा-लिहिणारा माणूस करतो, हा भेद विसरू नये.

विषाणूचे चक्र पक्षी आणि डास यांच्यात चालते. माणूस व घोडा आजारी पडतात, परंतु त्यांच्या रक्तात विषाणू इतका थोडा असतो की त्यांच्यापासून डासाला सहसा लागण होत नाही. ज्यांवरून पुढे कोणी नक्कल केली नाही, अशा या प्रती आहेत. म्हणून केवळ रुग्णालयांतील नमुन्यांवर वंशावळ उभी करणे म्हणजे फांद्यांची टोके पाहून झाड रेखाटणे होय. मेलेला कावळा आणि सापळ्यातला डास येथे अधिक बोलका साक्षीदार ठरतो.

6.4 साम्यावरून किती म्हणता येते?

इस्राएल आणि न्यूयॉर्क येथील संहिता जवळच्या आहेत, यावरून विषाणू ‘इस्राएलहून आला’ असे सर्रास लिहिले जाते. पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याने येथे थांबले पाहिजे. इस्राएलची प्रत ही उपलब्ध प्रतींतील निकटतम प्रत आहे. तीच जननी आहे, असे त्यावरून ठरत नाही. दोहोंची जननी ज्या प्रदेशातून नमुने घेतलेच गेले नाहीत, तेथे असू शकते. पुढे 2003 मध्ये हंगेरीतील हंसांमध्येही याच शाखेच्या अगदी जवळचा विषाणू सापडला, त्यावरून हा संशय रास्त ठरतो. शिवाय तो अटलांटिक ओलांडून आला तो पक्ष्यातून, विमानातल्या डासातून की अन्य कशातून, हे संहिता सांगत नाही. वंशावळीतील रेषा नाते दाखवते, वाट दाखवत नाही.

स्वाध्याय

क, ख आणि ग या तीन प्रतींपैकी क व ख यांत एक सामाईक अपपाठ आहे. ग प्रतीत तो नाही. परंतु क व ग यांत दहा शुद्ध पाठ सामाईक आहेत. क ही कोणत्या प्रतीच्या अधिक निकट आहे? आपले उत्तर सकारण लिहा. तो अपपाठ दोन लेखनिकांकडून स्वतंत्रपणे होण्याजोगा असेल, तर आपल्या उत्तरात काय बदल होईल?