खिशातील तिजोरीचे कुलूप

व्यापाऱ्याचे भांडवल दोन प्रकारचे असते. एक तिजोरीत असते आणि दुसरे लोकांच्या विश्वासात. पहिले गेले तर उद्योगाने पुन्हा मिळविता येते. दुसरे मिळविण्यास पिढी खर्ची पडते. पूर्वी पेढीवरील मुनीम जागेवरून उठताना खतावणी मिटूनच उठत असे. आज कोप्पीकर रोडवरील कोणत्याही दुकानात पाहावे, तर ती खतावणी, बँकेचे पासबुक, ग्राहकांची नावे आणि घरचा पत्रव्यवहार गल्ल्याशेजारी ठेवलेल्या एका मोबाईलमध्ये सामावलेला दिसतो. सबब त्या मोबाईलच्या कुलपाचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

हे कुलूप अभेद्य असते असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत खरा, हे २०२२ सालच्या एका उदाहरणावरून कळेल. डेव्हिड शुट्झ या हंगेरियन संशोधकाला गूगल कंपनीच्या पिक्सेल फोनमध्ये एक विलक्षण दोष आढळला. कुलूपबंद फोनमधील सिमकार्ड काढून तेथे स्वतःचे, पिन लावलेले सिमकार्ड घालावयाचे. त्याचा पिन तीन वेळा मुद्दाम चुकवावयाचा. मग त्या सिमचा पीयूके क्रमांक देऊन नवा पिन ठरवावयाचा. एवढे करताच फोन मालकाचा संकेतांक किंवा बोटाचा ठसा न मागता उघडत असे! यास ना अवजार लागे, ना विशेष विद्या.

असे का घडले? फोनच्या दारात दोन पहारे होते, बाहेर सिमचा आणि आत फोनच्या कुलपाचा. पीयूके बरोबर ठरताच ‘समोरचा पहारा उठवा’ अशी आज्ञा सुटे. परंतु तेवढ्यात दुसऱ्याच यंत्रणेने बाहेरचा पहारा उठविलेला असे. त्यामुळे ती आज्ञा समोर उरलेल्या आतल्या पहाऱ्यास लागू पडे. दोन नोकरांनी एकमेकांस न विचारता दारे उघडावीत, तसाच हा प्रकार होता. पुढे कोणता पहारा उठवावयाचा हे आज्ञेत स्पष्ट लिहिले गेले आणि नोव्हेंबर २०२२ च्या सुधारणेने दोष दूर झाला. दोष दाखविल्याबद्दल कंपनीने शुट्झ यांना ७०,००० डॉलर दिले. ॲपलच्या आयफोनमध्येही सप्टेंबर २०१३ मध्ये कुलूप चुकवून छायाचित्रे पाहता येण्याचा दोष निघाला होता व त्याच महिन्यात तो दुरुस्त झाला. तात्पर्य, दोष कोणा एका कंपनीच्या मालात असतो असे नाही.

कारखान्याने केलेली चूक कारखाना सुधारतो. परंतु आपण स्वतः उघडी ठेवलेली खिडकी कोण लावणार? फोन कुलूपबंद असतानाही त्याच्या दर्शनी काचेवर संदेश झळकत असतात. अमुक पेढीकडून इतके रुपये जमा झाले, अमक्याने मुदत मागितली, बँकेचा ओटीपी आला, हे सर्व समोर उभे असलेले गिऱ्हाईक सहज वाचू शकते. ज्याने मुदत मागितली, त्याची अडचण त्याने आपणांस विश्वासाने सांगितलेली असते, बाजारास नव्हे. येथे धोका आपल्या पैशास आहे, त्याहून अधिक दुसऱ्याच्या अब्रूस आहे.

यास्तव सभासद बंधुभगिनींनी पुढील गोष्टी अवश्य कराव्यात.

पहिली : फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कुलूपबंद पडद्यावर संदेशाचा मजकूर दिसणार नाही, अशी योजना करावी.

दुसरी : सिमकार्डासही पिन लावावा. तो नसल्यास चोर आपले सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून आपले ओटीपी तेथे मिळवू शकतो, मग फोनचे कुलूप कितीही भक्कम असो. हा पिन व पीयूके क्रमांक घरी जपून ठेवावा.

तिसरी : कंपनीकडून येणारी सुधारणा ‘मग पाहू’ म्हणून टाळू नये. ज्या जुन्या फोनला सुधारणा येणे बंद झाले, त्यावर बँकेचा व्यवहार ठेवू नये.

चौथी : फोन नजरेआड ठेवावा लागल्यास बंद करून ठेवावा. बंद करून पुन्हा सुरू केलेला फोन मालकाचा संकेतांक मिळेपर्यंत आतील मजकूर सांकेतिक रूपात मिटून ठेवतो. वरील दोषानेही अशा फोनमधील मजकूर उघडला नव्हता.

पाचवी : फोन हरवताच सिम बंद करवावे व बँकेस कळवावे. पोलिसांत तक्रार नोंदवून केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ सेवेद्वारे फोन निकामी करविता येतो. पैसे गेले असल्यास विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार द्यावी.

या कामास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागू नये. घरातील तरुण मुलामुलींना ही माहिती बहुधा असते. त्यांनी वडीलधाऱ्यांच्या फोनची व्यवस्था स्वतः लावून द्यावी. ग्राहक आपला हिशेब आपल्या हाती सोपवितो, तो आपल्या मौनावर भरवसा ठेवून. आपल्या फोननेही तेच मौन पाळावे, एवढीच आमची विनंती आहे.