प्रशिक्षणाचा निधी आटतो तेव्हा

सरकारच्या अंदाजपत्रकात एखादी रक्कम कमी झाली की वर्तमानपत्रांत दोन दिवस चर्चा होते आणि विषय मागे पडतो. बार्शीटाकळीसारख्या तालुक्याच्या गावात मात्र तिचा परिणाम वर्ष-दोन वर्षांनी जाणवतो. शिलाई, वेल्डिंग किंवा मोटार वायरिंगचा वर्ग सुरूच होत नाही आणि हुन्नर शिकू शकणारा मुलगा अकोल्याच्या बाजारात हमालीला लागतो. म्हणून हे आकडे वाचायचे कसे, हे आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी समजून घेतले पाहिजे.

तीन वेगळे आकडे

अंदाजपत्रकात आधी तरतूद जाहीर होते, वर्षाअखेर सुधारित अंदाज येतो आणि प्रत्यक्ष खर्च त्यानंतर कळतो. केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाची २०२२-२३ ची तरतूद सुमारे ५,०२० कोटी रुपये होती. सुधारित अंदाजात ती सुमारे २,६१२ कोटींवर आली. २०२३-२४ ची तरतूद सुमारे ३,०९७ कोटी, म्हणजे आधीच्या तरतुदीपेक्षा ३८ टक्के कमी ठेवली गेली. जाहीर झालेला आकडा म्हणजे हाती आलेला पैसा नव्हे, हा पहिला धडा.

योजना बदलताना

‘सीखो और कमाओ’ ही योजना २०१३ मध्ये, तर ‘उस्ताद’ व ‘नई मंजिल’ २०१५ मध्ये सुरू झाल्या. पुढे या तीन आणि ‘नई रोशनी’ व ‘हमारी धरोहर’ अशा पाच योजना ‘पीएम विकास’मध्ये एकत्र केल्या गेल्या. २०२३-२४ मध्ये जुन्या प्रशिक्षण योजनांपुढे नावापुरती रक्कम उरली आणि नव्या योजनेला ५४० कोटी दाखवले गेले. कागदावर ही कपात नव्हे, वाढ होय. पण नवे नियम ठरेपर्यंत व संस्था निवडल्या जाईपर्यंत जुना वर्ग बंद आणि नवा सुरू नाही, अशी पोकळी पडते. सतरा वर्षांच्या मुलाची दोन वर्षे अशी गेली तर ती परत मिळत नाहीत.

झळ कोणाला?

प्रशिक्षण संस्थेला पैसा हप्त्याहप्त्याने मिळतो. हप्ता रखडला की संस्था आधी लहान गावातील केंद्र बंद करते, कारण तेथे विद्यार्थी कमी आणि खर्च तोच. मग मुलाला रोज अकोल्याचे भाडे पडते. विद्यावेतन थांबले की रोजंदारीवर जगणाऱ्या घरातील मुलगा सर्वांत आधी गळतो. मुलींना तर परगावी पाठवण्याचाच प्रश्न येतो.

मग करावे काय?

१) सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. शिंपी, सुतार, लोहार, गवंडी, न्हावी त्यात बसतात. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने पहिले १ लाखाचे कर्ज अशी तिची रचना आहे. गादी-रजई भरणारा पिंजारी मात्र या १८ मध्ये नाही; ही मागणी लोकप्रतिनिधींपुढे मांडली पाहिजे.

२) दुकानातच शिकलेल्या कारागिराने कौशल्याची परीक्षा देऊन सरकारी प्रमाणपत्र घ्यावे. बँकेत व ठेकेदाराकडे ते उपयोगी पडते.

३) जिल्हा कौशल्य विकास केंद्राला लेखी विचारावे: तालुक्यासाठी किती जागा मंजूर झाल्या, किती भरल्या, किती जणांना काम लागले? माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून ३० दिवसांत उत्तर मागता येते.

४) ज्यांचा गाळा चालतो त्यांनी वर्षाला निदान एक शागीर्द घ्यावा, त्याला थोडा का होईना मेहनताना द्यावा आणि शिकण्याची मुदत ठरवावी.

शेवटचा उपाय पहिल्या तिन्हींची जागा घेऊ शकत नाही. उस्ताद हात तयार करतो. पण नवे यंत्र आणि प्रमाणपत्र त्याच्या ऐपतीबाहेरचे असते. ते सरकारचे काम आहे आणि त्याचा हिशेब मागणे हा आपला हक्क आहे.